घाट किती खातो, वेग किती खातो

टाटांच्या कर्व्ह ईव्ही या गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला तीन रेंज आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा जाहिरातीत ५८५ किलोमीटर असा आकडा झळकला. सरकारमान्य चाचणीचा दुसरा भाग जमेस धरला की तीच गाडी ५०२ किलोमीटर जाते. आणि रोजच्या वापरात ४०० ते ४२५ धरा, असं खुद्द कंपनी ‘सी-७५’ या नावाखाली सांगते. शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना निदान एवढं अंतर मिळावं, असा या तिसऱ्या आकड्याचा अर्थ. गाडी तीच, बॅटरी तीच, आणि सगळ्यात मोठ्या व सगळ्यात लहान आकड्यात दीडशेहून जास्त किलोमीटरचा फरक. कर्जतच्या नाक्यावर ‘किती देते?’ असं विचारणाऱ्याला यातला कुठला आकडा सांगायचा?

तिन्ही खरे आहेत, कारण ती तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र चौथाच असतो: भिवपुरीहून सकाळी निघालो, घाट चढून पुण्याला गेलो, कामं उरकून रात्री परत आलो, तर मध्ये कुठे चार्जिंगला थांबावं लागेल का? या प्रकरणात तोच प्रश्न सोडवायचा आहे. त्याआधी जाहिरातीतला आकडा कुठून येतो ते पाहू.

पुण्यात कोथरूडच्या वर वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६पासून आहे. पुणेकर सकाळी फिरायला जातात ती एआरएआयची टेकडी हीच. देशात गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत, त्यांतली ही जुनी. इलेक्ट्रिक गाडीची रेंज मोजताना तिची बॅटरी काठोकाठ भरतात, चाकं लोखंडी रुळांवर चढवतात आणि ठरावीक वेळापत्रकाने गाडी पळवतात. गाडी जागची हलत नाही, रूळ फिरतात. वेळापत्रकाचा पहिला भाग शहराचा: १९५ सेकंदांचं एक आवर्तन, असं चार वेळा, आणि वेग कधीच ताशी ५० किलोमीटरच्या वर नाही. दुसरा भाग शहराबाहेरचा, ४०० सेकंदांचा, त्यात वेग जास्तीत जास्त ९०. खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान, एसी बंद, रस्ता सपाट, वारा नाही, पाऊस नाही, मागच्या सीटवर मामा-मामी नाहीत. बॅटरी संपेपर्यंत हेच चक्र चालू राहतं.

कित्येक वर्षं चारचाकी इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातीत फक्त पहिल्या भागाचा आकडा छापला जाई. सप्टेंबर २०२४पासून वाहन उद्योगाने दोन्ही भागांचा एकत्रित आकडाही द्यायचं ठरवलं, आणि एका रात्रीत अनेक गाड्यांची रेंज कागदावर घटली. ५८५चे ५०२ झाले ते असे. यात कोणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. पण जो आकडा ताशी ५०च्या आतच खरा ठरतो, तो हमरस्त्यावर गाडी पळवणाऱ्या माणसाला मोठ्या अक्षरांत दाखवणं हा प्रामाणिकपणाही नव्हे.

या तफावतीवरून दिल्लीत मोठा वाद झाला. पहिली नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये आली तेव्हा तिची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. आपल्या गाडीला त्याच्या जवळपासही अंतर मिळत नाही, अशी तक्रार एका ग्राहकाने केली, आणि मार्च २०२१मध्ये दिल्ली सरकारच्या परिवहन खात्याने या गाडीवरचं अनुदान थांबवलं. कंपनीचं म्हणणं असं, की आकडा आमचा नाही, एआरएआयचा आहे. रस्ता, एसी, चालवण्याची पद्धत यांनुसार तो बदलणारच. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या आदेशाला स्थगिती दिली. कायद्याच्या नजरेतून कंपनीची बाजू भक्कम होती. ग्राहकाचा राग मात्र अस्थानी नव्हता. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांनी कमी भरलं तर खिशाला चाट बसते. इलेक्ट्रिक गाडीची रेंज तेवढी कमी भरली तर माणूस रस्त्यात अडकतो.

अमेरिकेत या अडचणीवर रोखठोक उपाय आहे. तिथे प्रयोगशाळेत जी रेंज निघते तिला साधारणपणे सरळ ०.७ने गुणतात आणि मगच ती गाडीच्या काचेवर चिकटवतात. युरोपात २०१७पासून जी चाचणी लागू झाली ती अर्ध्या तासाची असून तिच्यात वेग ताशी १३१पर्यंत जातो. म्हणून परदेशी नातेवाइकाच्या गाडीची रेंज आणि आपल्या गाडीची रेंज शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला जाऊ नये. त्यांचा चारशे आपल्या चारशेपेक्षा मोठा असतो.

आता हिशोबाला बसू. सोबत एकच मोजमाप ठेवू: युनिट. महावितरणच्या बिलावर असतं तेच. आपली नमुना गाडी मध्यम आकाराची, बॅटरी ४५ युनिटांची, माणसं आणि सामान धरून वजन १,७०० किलो. पुढचे आकडे ढोबळ आहेत. गाडीगणिक थोडेफार बदलतील, पण त्यांची आपसातली प्रमाणं फारशी बदलणार नाहीत.

सपाट रस्त्यावर गाडीला दोन गोष्टी अडवतात. एक टायरचं घर्षण. ते वेग बदलला तरी जवळजवळ तेवढंच राहतं. दुसरी हवा. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. ताशी ५०ने जाताना आपली गाडी एसीसकट किलोमीटरला साधारण ०.१० युनिट खाते. ८०ला हा आकडा ०.१३५पर्यंत जातो आणि १००ला ०.१७च्या पुढे. म्हणजे तीच भरलेली बॅटरी ५०च्या वेगाने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर नेईल आणि शंभरच्या वेगाने अडीचशेच्या आसपास. पेट्रोल इंजिनाला हळू, थांबत-थांबत चालणं सोसत नाही, म्हणून त्याचं ॲव्हरेज शहरात पडतं आणि हायवेला वाढतं. इलेक्ट्रिकचं बरोबर उलटं. आयुष्यभर ‘हायवेला चांगली देते’ हे ऐकलेल्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. कर्जत ते खोपोली रस्त्यावर गाडी जाहिरातीच्या जवळ जाते, कारण तो रस्ता, त्यावरची गावं, वळणं आणि गतिरोधक ५०च्या वर जाऊच देत नाहीत. द्रुतगती मार्गावर परवानगीचा १००चा वेग धरला की आकडा ढासळतो.

भिवपुरीच्या माणसाला मात्र चिंता असते ती घाटाची. ‘सपाटीवर ठीक आहे हो, घाटात काय होणार?’ हा प्रश्न इथे स्वाभाविक आहे, कारण पूर्वेला मान वर केली की सह्याद्रीची भिंत दिसते. आणि या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपासून याच गावाच्या हद्दीत यंत्रांच्या रूपाने उभं आहे.

भिवपुरीचं जलविद्युत केंद्र १९२२मध्ये सुरू झालं. खोपोलीचं त्याआधी, १९१५मध्ये. वर आंदर मावळात धरण बांधून पावसाचं पाणी अडवलं, कड्यावरून मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली सोडलं आणि त्याच्या जोरावर टर्बाइन फिरवलं. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. आजही टाटांच्या या केंद्राची क्षमता ७५ मेगावॅट आहे आणि वीज मुंबईकडेच जाते. केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या घरांत महावितरणचे मीटर आहेत, आणि पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की तिथे अंधार होतो, हा या तालुक्याचा जुना विनोद.

पाणी कड्यावरून उतरताना जी वीज देतं, तीच किंमत गाडी कडा चढताना मोजते. हजार लिटर पाणी, म्हणजे एक टन, पाचशे मीटर खाली आलं की १.३६ युनिट ऊर्जा मोकळी होते. यंत्रांतली घट वजा जाता हाती १.२ युनिट लागतात. आता गाडी घ्या. खोपोली समुद्रसपाटीपासून सत्तरेक मीटरवर, लोणावळा सुमारे सव्वासहाशेवर. चढ साडेपाचशे मीटर, वजन १.७ टन. नुसती उंची गाठायला २.५५ युनिट लागतात. मोटर आणि तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांतली घट धरली की बॅटरीतून २.९ युनिट जातात. घरच्या चार्जरमधली आणि तारांमधली गळती मिळवली तर केंद्रात साडेतीन युनिट तयार व्हावे लागतील. म्हणजे तुमची गाडी एकदा लोणावळ्याला पोचवायची तर भिवपुरीच्या नळांतून जवळजवळ तीन हजार लिटर पाणी खाली यावं लागतं. ही फक्त उंचीची किंमत. दहा हजार लिटरच्या एका टँकरभर पाण्यावर हीच गाडी सपाटीवर सत्तर किलोमीटर जाईल. एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या वाड्यांवर त्याच टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात, म्हणून ही तुलना मला सुचल्यावर थोडी बोचली. पण हिशोब हिशोब आहे.

तर घाटाचे २.९ युनिट, शिवाय पंधरा किलोमीटर रस्त्याचा नेहमीचा खर्च आणि एसी. एकूण साडेचारच्या आत. बॅटरीच्या दहा टक्क्यांहून थोडं कमी. किलोमीटरला ०.२९ युनिट हा दर सपाटीच्या जवळजवळ तिप्पट आहे खरा, पण तो पंधराच किलोमीटर टिकतो.

आणि घाट परत काही देतोही. उतारावर पाय उचलला की मोटर उलटी कामाला लागते, जनित्र बनते आणि गाडीचा वेग रोखता रोखता बॅटरी भरते. ईव्हीवाले याला ‘रिजन’ म्हणतात आणि नव्या जमान्याची करामत समजतात. बोरघाटाला हे नवं नाही. पुण्यापर्यंतची रेल्वे १९२९मध्ये विजेवर आली, तेव्हा मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या धाटणीची जी इंजिनं आणली होती, ज्यांना रेल्वेची माणसं ‘खेकडा’ म्हणत, ती कर्जतकडे उतरताना वीज परत तारेत सोडू शकत. एक गाडी उतरताना दुसरीला चढायला हातभार लावी. भिवपुरीत १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने राज्य सरकारशी २०२३मध्ये करार केला, त्याचंही तत्त्व वेगळं नाही. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. अशा प्रकल्पांत चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के परत मिळते.

आपल्या गाडीला किती परत मिळतं? उतरताना २.५५ युनिटांपैकी एक युनिट टायर आणि हवेचा विरोध भागवण्यात थेट जातं. ही बचतच आहे, कारण तेवढा रस्ता फुकट पार पडतो. उरलेल्या दीड युनिटापैकी एकाच्या आसपास बॅटरीत जमा होतं, त्यातून एसी थोडं खातो. लोणावळ्याला ६० टक्के दाखवणारी गाडी खोपोलीला ६१ किंवा ६२ दाखवते. चढताना साडेचार गेले, उतरताना पाऊण-एक परत आलं. याच तीस किलोमीटरला सपाटीवर तीनेक युनिट लागलेच असते. म्हणजे जाऊन-येऊन घाटाने खाल्लं ते अर्ध्या-पाऊण युनिटाच्या घरात. पाच-सहा किलोमीटरचं अंतर!

याच्या शेजारी वेगाचा हिशोब ठेवा. लोणावळा ते पुणे ६५ किलोमीटर. शंभरने गेलात तर ११ युनिट, ऐंशीने गेलात तर पावणेनऊ. फरक सव्वादोन युनिटांचा, जाऊन-येऊन साडेचारचा. ज्याची भीती वाटते तो घाट पाऊण युनिट खातो आणि ज्याच्याकडे लक्षही जात नाही तो उजवा पाय त्याच्या सहापट. घाट डोळ्यांना दिसतो, हवा दिसत नाही, एवढंच.

रिजनला एक अट आहे. बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यात बंगल्यावर रात्रभर गाडी लावून सकाळी शंभर टक्के भरलेली घेऊन घाट उतरायला लागलात, तर येणारी वीज ठेवायला जागाच नसते. गाडी रिजन कमी करते किंवा बंद करते, आणि रोजच्या सवयीने पाय उचलल्यावर ती अपेक्षेइतकी थांबत नाही. सारा भार साध्या ब्रेकवर येतो. वरून निघताना नव्वद टक्क्यांवर थांबलेलं बरं. ऊर्जा वाचते त्याहून जास्त ब्रेक वाचतात.

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या रेंजने घाटात जो गोंधळ उडतो तो वेगळाच. तो आकडा कंपनीचा नसतो, एआरएआयचाही नसतो. बहुतेक गाड्यांत तो असा निघतो: बॅटरीत किती युनिट उरले ते बघा, मागच्या काही किलोमीटरांत गाडीने किती खाल्लं ते बघा, भागाकार करा. गाडीला पुढचा रस्ता ठाऊक नसतो, मागचा ठाऊक असतो. खोपोलीहून लोणावळ्याला पोचल्यावर बॅटरीत ३८ युनिट शिल्लक असतात. पण मागचे पंधरा किलोमीटर चढाचे, तेव्हा गाडी समजते की जन्मभर चढच आहे, आणि १३० किलोमीटर दाखवते. नवखा माणूस इथे घाबरून चार्जर शोधतो. पुण्याकडे वीस किलोमीटर गेल्यावर तोच आकडा खाली येण्याऐवजी वर चढू लागतो. उलट दिशेने धोका अधिक. घाट उतरल्यावर गाडी भलताच मोठा आकडा सांगते, आणि त्या भरवशावर पनवेलकडे शंभरने निघालेल्याला तो वितळताना दिसतो. म्हणून घाटाच्या आधी आणि नंतर किलोमीटर बघू नका, टक्के बघा.

टक्क्यांवरही डोळे मिटून विश्वास नको. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असते. ती टिकाऊ आणि सुरक्षित, पण मधल्या टप्प्यात तिचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे व्होल्टेज पाहून ‘किती भरली’ हे ठरवता येत नाही. आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली, याची वही गाडीला ठेवावी लागते, आणि वहीत बारीक चुका साचत जातात. अशी बॅटरी अधूनमधून शंभर टक्के भरा, असं कंपन्या सांगतात ते यासाठी. काठावर पोचली की वही पुन्हा जुळते.

एसीविषयी लोकांच्या मनात अकारण धास्ती आहे. गाडी एकदा थंड झाली की तो तासाला एक युनिटच्या आसपास खातो. शनिवारी सकाळी घाटात दोन तास वाहतूक तुंबली तरी दोन युनिट, बारा-पंधरा किलोमीटरचं अंतर. उभ्या गाडीची मोटर काही खात नाही, त्यामुळे कोंडीत इलेक्ट्रिक गाडीचं नुकसान पेट्रोल गाडीपेक्षा कमीच. थंडीची गोष्ट निराळी. नॉर्वेत दर हिवाळ्यात गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर पळवून रेंज मोजतात, आणि काही गाड्यांची एक तृतीयांश रेंज गळालेली आढळते. कर्जतला तो प्रश्न नाही. आपल्याकडचा प्रश्न पावसाचा, ज्याची नोंद कुठल्याच चाचणीत नाही. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिजलेल्या रस्त्यावर टायरला प्रत्येक क्षणी पाणी बाजूला ढकलावं लागतं, काचेवरची वाफ काढायला एसी सतत लागतो. जुलैत तोच रस्ता, तोच वेग, तरी गाडी फेब्रुवारीपेक्षा जास्त खाते. वायपर आणि दिव्यांचा खर्च मात्र नगण्य. जुन्या गाडीचा हिशोब करताना बॅटरीच्या वयाची सूटही द्यावी लागते. सहा-सात वर्षांच्या गाडीत ४५ युनिट न धरता ४० धरलेले बरे.

आता तो पुण्याचा प्रश्न. भिवपुरी ते खोपोली २१ किलोमीटर, सव्वादोन युनिट. घाट, साडेचार. लोणावळा ते पुणे शंभरच्या वेगाने ११. शहरात वीस किलोमीटर फिरणं, सव्वादोन. परतीला ११, घाटात पाऊण-एक जमा, आणि खोपोलीहून घरी सव्वादोन. बेरीज साडेबत्तीसच्या आत-बाहेर. सव्वादोनशेला थोडे कमी किलोमीटर, युनिटला सात. ऐंशीच्या वेगाने गेलात तर २८. पावसाळा असेल तर दोन-तीन जास्त धरा. पंचेचाळीस युनिटांची नवी गाडी कुठेही न थांबता परत येते आणि बारा शिल्लक ठेवते. त्यातले शेवटचे दोन नसल्यासारखेच समजावेत, कारण तिथे गाडी स्वतःच ताकद आखडती घेते. उरलेल्या दहात त्याच रात्री कोणाला बदलापूरला सोडून परत भिवपुरीला यायचं असेल, तरी चार्जर शोधावा लागणार नाही. तीस युनिटांच्या जुन्या गाडीला मात्र पुण्यात जेवणाच्या वेळी तासभर फास्ट चार्जरवर उभं राहावंच लागेल.